बाईक ट्रिपसाठी हँडहेल्ड जीपीएस: नेटवर्क नसताना वाट कशी सापडते आणि यंत्रावर किती विसंबायचं?

सोमेश्वरनगरच्या आसपास उसाच्या हंगामात बाईक चालवणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. नीरा डाव्या कालव्याच्या खाली, नदीच्या बाजूला उतरलं की रस्त्याच्या दोन्हीकडे डोक्यापेक्षा उंच ऊस उभा असतो. पाणंद रस्त्यानं दोन-तीन वळणं घेतली की साखर कारखान्याचं धुराडं दिसेनासं होतं. त्यात अंधार पडला असेल, तर आपण नीरेकडे चाललोय की बारामतीकडे, हेही पटकन सांगता येत नाही.

अशा वेळी हात आपोआप खिशातल्या फोनकडे जातो. बॅटरी आणि नेटवर्क दोन्ही असेल तर प्रश्नच नाही. पण यातलं एक नसेल तर? आणि ट्रिप घरच्या शिवारातली नसून वरंध घाटातली किंवा कोयनेच्या जंगलालगतची असेल तर?

यासाठीच अनेक सायकलस्वार आणि बाईकर्स आजही हँडलवर एक छोटं, जाडजूड, बटणांचं यंत्र लावून निघतात. ते म्हणजे हँडहेल्ड जीपीएस. ते वापरायला शिकणं फारसं अवघड नाही. पण शिकताना एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्यावी लागते: हे यंत्र 'तुम्ही आत्ता कुठे आहात' एवढंच स्वतः शोधून सांगतं. 'पुढे रस्ता आहे का' हे त्याला माहीत नसतं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणसं अडचणीत येतात.

हँडहेल्ड जीपीएस म्हणजे नेमकं काय?

हातात मावणारं, फक्त स्थान दाखवणं आणि वाट नोंदवणं याच कामासाठी बनवलेलं हे यंत्र आहे. बाजारात आलेलं पहिलं हँडहेल्ड जीपीएस म्हणजे मॅगेलन कंपनीचं नॅव्ह १०००. ते १९८९ साली आलं. आज या प्रकारात गार्मिन कंपनीची ईट्रेक्स मालिका सर्वाधिक ओळखीची आहे. पहिलं ईट्रेक्स २०००च्या सुमारास आलं, तर ईट्रेक्स १०, २० आणि ३० ही मॉडेल्स २०११ साली. ही मॉडेल्स आजही जुन्या बाजारात मिळतात.

यात सिमकार्ड नसतं, रिचार्ज लागत नाही, इंटरनेट लागत नाही. अनेक मॉडेल्स साध्या दोन पेन्सिल सेलवर चालतात. सेल संपले की गावातल्या किराणा दुकानातूनही नवे घेता येतात.

नेटवर्कशिवाय हे चालतं कसं?

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह यंत्रणा आहे. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला आणि १९९५ साली ती पूर्ण क्षमतेनं सुरू झाली. तिचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत एक रेडिओ संदेश पाठवत राहतात. त्या संदेशात 'मी कुठे आहे' आणि 'आत्ता नेमके किती वाजलेत' ही माहिती असते.

हा संदेश प्रकाशाच्या वेगानं येतो. उपग्रह बरोबर डोक्यावर असेल तर त्याला जमिनीवर पोहोचायला सेकंदाचा साधारण १५वा भाग लागतो. संदेश यायला किती वेळ लागला यावरून यंत्र त्या उपग्रहापर्यंतचं अंतर काढतं. असे किमान चार उपग्रह मिळाले की अक्षांश, रेखांश आणि उंची ठरवता येते. मग तीनऐवजी चार कशाला? कारण यंत्रातलं घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतकं अचूक नसतं. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते. चौथा उपग्रह घड्याळाची ही चूक दुरुस्त करायला लागतो.

इथे एक महत्त्वाचा मुद्दा आहे. जीपीएस रिसीव्हर फक्त ऐकतो, बोलत नाही. रेडिओवर बातम्या ऐकताना जसं आकाशवाणीला तुमचा पत्ता कळत नाही, तसंच उपग्रहालाही तुम्ही कुठे आहात हे कळत नाही. त्यामुळे 'माझ्याकडे जीपीएस आहे, हरवलो तर कोणीतरी शोधेल' हा समज चुकीचा आहे. साध्या हँडहेल्ड जीपीएसवरून तुमचं लोकेशन कोणालाही जात नाही.

आज बहुतेक नवी यंत्रं जीपीएससोबत रशियाची ग्लोनास आणि युरोपची गॅलिलिओ या यंत्रणांचे संदेशही घेतात. भारताची स्वतःची यंत्रणा म्हणजे नाविक. तिचा पहिला उपग्रह इस्रोनं १ जुलै २०१३ रोजी सोडला. २०१६ साली तिला 'नाविक' हे नाव देण्यात आलं. २०२०पासून नाविकचे संदेश घेणारे मोबाईल फोनही बाजारात आहेत.

फोन असताना वेगळं यंत्र कशाला?

रोजच्या वापराला फोन पुरेसा आहे. नकाशा आधी डाउनलोड करून ठेवला तर फोनही नेटवर्कशिवाय स्थान दाखवतो, कारण त्यातही जीपीएस रिसीव्हर असतोच. फरक पडतो तो लांबच्या आणि खडतर प्रवासात.

बॅटरी: नकाशा आणि स्क्रीन सतत चालू ठेवली तर फोन काही तासांत मान टाकतो. ईट्रेक्ससारखं यंत्र दोन सेलवर साधारण २५ तास चालतं.

ऊन आणि पाऊस: एप्रिलच्या उन्हात हँडलवर लावलेला फोन तापून बंद पडू शकतो. ओल्या बोटांना किंवा हातमोज्यांना टचस्क्रीन दाद देत नाही. हँडहेल्ड यंत्राला बटणं असतात आणि त्याची स्क्रीन उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसते.

हादरे: मोटरसायकलच्या इंजिनाच्या तीव्र कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते, अशी सूचना ॲपल कंपनीनं २०२१ साली स्वतःच दिली होती.

शेवटचं कारण सर्वांत व्यवहारी आहे. वाट दाखवायचं काम दुसऱ्या यंत्राकडे दिलं की फोनची बॅटरी अडचणीच्या वेळच्या कॉलसाठी शिल्लक राहते.

पहिल्या दिवशी कोणती सेटिंग्ज तपासायची?

नवं यंत्र सुरू केल्यावर ते मोकळ्या आभाळाखाली, अंगणात किंवा गच्चीवर ठेवावं आणि १५ ते २० मिनिटं हलवू नये. फोनला उपग्रहांची माहिती मोबाईल नेटवर्कमधून चटकन मिळते. हँडहेल्ड यंत्राला ती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते आणि सर्व उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटं लागतात. यंत्र कित्येक महिने बंद असेल किंवा शेकडो किलोमीटर दूर नेऊन सुरू केलं असेल, तरी सुरुवातीला असाच वेळ लागू शकतो. निघायच्या घाईत ते सुरू केलं आणि 'सिग्नलच येत नाही' म्हणून वैतागलं, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार असते.

त्यानंतर ही सेटिंग्ज पाहावीत.

१. मॅप डेटम: हे 'डब्ल्यूजीएस ८४' असायला हवं. पृथ्वीचा आकार कसा धरायचा याचं हे ठरलेलं माप आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे 'एव्हरेस्ट' या वेगळ्या मापावर आधारित आहेत. जुन्या नकाशावरचा बिंदू तसाच यंत्रात भरला तर जागा सरकते.

२. एकक: किलोमीटर आणि मीटर. परदेशातून आणलेल्या यंत्रात अनेकदा मैल आणि फूट असतात.

३. वेळ: भारतीय प्रमाणवेळ, म्हणजे जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे.

४. सेलचा प्रकार: साधे, लिथियम की रिचार्जेबल, हे यंत्राला सांगावं लागतं. नाहीतर बॅटरीची पट्टी चुकीची दिसते.

५. 'लॉक ऑन रोड': हे चालू असेल तर यंत्र तुमचं स्थान ओढून जवळच्या नकाशातल्या रस्त्यावर दाखवतं. पाणंद रस्त्यावर किंवा माळावर फिरताना हे बंद ठेवावं. नाहीतर तुम्ही उसात असता आणि स्क्रीनवर मात्र डांबरी रस्त्यावर दिसता.

अंश-मिनिटांची गल्लत किती महागात पडते?

अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या एकापेक्षा जास्त पद्धती आहेत आणि नवशिक्यांच्या सर्वाधिक चुका इथेच होतात. एका अंशाचे ६० मिनिटं होतात. म्हणजे १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५ अंश, १८.३० नव्हे. मित्रानं पाठवलेलं '१८ अंश ३० मिनिटं' कोणी १८.३० असं भरलं, तर ०.२ अंशाचा फरक पडतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. याचा अर्थ ही एका टिंबाची चूक २२ किलोमीटरची आहे.

दुसरी चूक क्रमाची. सोमेश्वरनगर साधारण १८.१ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.३ अंश पूर्व रेखांशावर आहे. या दोन आकड्यांची अदलाबदल केली तर बिंदू जाऊन पडतो नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक समुद्रातल्या बेअर आयलंडजवळ.

ही चूक पकडायला एक सोपा ठोकताळा आहे. महाराष्ट्रातलं कुठलंही ठिकाण साधारण १५.६ ते २२.१ अक्षांश आणि ७२.६ ते ८०.९ रेखांश यांच्या आतच असतं. म्हणजे लहान आकडा आधी, मोठा आकडा नंतर. पूर्ण ग्रुपनं ट्रिपआधी एकच पद्धत ठरवून घेतली तर ही गल्लत टळते. दशांश अंशांची पद्धत फोनवरच्या नकाशांतही चालते, म्हणून तीच सोयीची.

वेपॉइंट, ट्रॅक आणि रूट यांत फरक काय?

हे तीन शब्द समजले की निम्मं यंत्र समजलं.

वेपॉइंट म्हणजे खूण केलेला एक बिंदू. घर, पेट्रोल पंप, पंक्चरचं दुकान, कालव्यावरचा पूल. बहुतेक यंत्रांत एक बटण दाबून धरलं की आहे त्या जागेचा वेपॉइंट तयार होतो.

ट्रॅक म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष गेलात ती वाट. रानात चालताना मागे खडू सांडत जावं, तशी ही रेघ यंत्र आपोआप ओढत असतं. वाट चुकली तर याच रेघेवरून उलटं मागे येता येतं. गार्मिनच्या यंत्रांत या सोयीला 'ट्रॅकबॅक' म्हणतात.

रूट म्हणजे तुम्ही जायचं ठरवलेली वाट. ती घरी संगणकावर किंवा फोनवर आखता येते आणि यंत्रात टाकता येते.

या तिन्ही गोष्टी 'जीपीएक्स' नावाच्या फाइलमध्ये साठवल्या जातात. हा फाइलचा प्रकार २००२पासून वापरात आहे आणि जवळपास सगळ्याच यंत्रांना व ॲपना तो वाचता येतो. एका बाईकरनं जपून ठेवलेला ट्रॅक म्हणूनच दुसऱ्याच्या कामी येतो.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये ही फाइल रोजच्या वापरातली गोष्ट आहे. पुणे, मुंबई, नाशिक अशा शहरांतून 'ब्रेव्हे' किंवा बीआरएम या राइड्स होतात. यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे असतात. ही शर्यत नसते आणि वाट शोधण्याची जबाबदारी सायकलस्वाराची असते. वळणांची छापील यादी आणि जीपीएक्स फाइल, दोन्ही जवळ ठेवण्याची सवय इथे लागते. एक वळण चुकून १० किलोमीटर पुढे गेलं की परत यायचे १० धरून २० किलोमीटर पायांवर येतात.

सराव कुठे आणि कसा करायचा?

अनोळखी घाटात शिकायला सुरुवात करू नये. ज्या भागात यंत्र चुकलं तरी तुम्ही चुकणार नाही, तिथे शिकावं. सोमेश्वरनगरचा परिसर यासाठी चांगला आहे, कारण इथल्या दिशा स्पष्ट आहेत. दक्षिणेला नीरा नदी, तिच्या पलीकडे सातारा जिल्ह्यातला फलटण तालुका, आणि उत्तरेला कालव्यापलीकडचा जिरायती पट्टा.

पहिला सराव: अंगणात 'घर' हा वेपॉइंट करा. दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभं राहून दुसरा वेपॉइंट करा. दोन्ही बिंदू काही मीटर लांब दिसतील. तुम्ही हलला नाहीत, तरी यंत्राच्या लेखी हललात. यंत्राची चूक किती असते, हे इथे डोळ्यांनी दिसतं.

दुसरा सराव: पायी एक चक्कर मारा. साध्या मॉडेल्समध्ये चुंबकीय होकायंत्र नसतं. अशा यंत्राला तुम्ही चालत असाल तरच दिशा कळते. जागेवर उभं राहून बाणाकडे पाहिलं तर तो वाटेल तसा फिरतो. चौकात थांबून 'बाण चुकीचा दाखवतोय' असं वाटलं, तर दहा-पंधरा पावलं चालून मग पाहावं.

तिसरा सराव: करंज्याच्या सोमेश्वर मंदिराचा वेपॉइंट भरा, 'थेट जा' हा पर्याय निवडा आणि रोजच्या रस्त्यानं निघा. बाण मंदिराकडे सरळ रेषेत दाखवत राहील, मग मध्ये शेत असो, विहीर असो की कालवा. हा सराव सर्वांत महत्त्वाचा आहे. कालव्याच्या अलीकडे उभं राहिल्यावर पलीकडचं ठिकाण यंत्रावर ३०० मीटर दिसेल, पण पूल दूर असेल तर प्रत्यक्ष अंतर कित्येक पट होईल. आकडा खोटा नसतो. तो रस्त्याचा नसतो, एवढंच.

चौथा सराव: सोमेश्वरनगर ते मोरगाव असा रूट घरी आखा आणि त्यावरून जा. मोरगाव साधारण उत्तरेला आहे, त्यामुळे अक्षांशाचा आकडा वाढत जाताना दिसायला हवा. मयूरेश्वराचं दर्शन घेऊन परत येताना रूट न वापरता 'ट्रॅकबॅक' वापरा. पुढे सुप्याकडे जाणार असाल तर तिथलं मयूरेश्वर अभयारण्य लक्षात ठेवा. तिथल्या गवताळ माळावर चिंकारा राहतात. यंत्रावर माळ मोकळा दिसला म्हणून त्यात बाईक घालायची परवानगी मिळत नाही.

पाचवा सराव: हेच मित्रासोबत, संध्याकाळी आणि फोन बॅगेत ठेवून करा. इथवर जमलं की अनोळखी रस्त्याला हरकत नाही.

नकाशा कुठून येतो?

स्थान उपग्रहांच्या संदेशावरून मिळतं, नकाशा नाही. तो माणसांनी बनवलेला असतो आणि यंत्रात आधीच भरावा लागतो. स्वस्त यंत्रांत फक्त जुजबी नकाशा असतो. त्यात महामार्ग दिसतात, वाड्या-वस्त्या नाहीत.

यावरचा सर्वाधिक वापरला जाणारा मोफत पर्याय म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा प्रकल्प विकिपीडियासारखा आहे. जगभरातले स्वयंसेवक त्यात रस्ते, पूल आणि गावांची नावं भरतात. त्यापासून बनवलेले भारताचे नकाशे गार्मिनच्या यंत्रांसाठीही मोफत मिळतात.

पण स्वयंसेवक जिथे पोहोचले नाहीत तिथे नकाशा रिकामा असतो. शिवरस्ते आणि पाणंद रस्ते अनेकदा त्यात नसतातच. इथे स्थानिक बाईकर्सना एक संधीही आहे. स्वतः गेलेल्या सार्वजनिक रस्त्याचा ट्रॅक आणि गावाचं बरोबर नाव कोणीही ओपनस्ट्रीटमॅपवर भरू शकतं.

यंत्र काय सांगत नाही?

जानेवारी २०२१मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ एक दुर्घटना घडली. पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक कार रात्रीच्या वेळी, नकाशानं दाखवलेल्या जवळच्या रस्त्यानं जाताना थेट पाण्यात गेली. पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली तिथला पूल बुडालेला होता. दोघे पोहून बाहेर आले, एकाचा मृत्यू झाला. रस्ता बंद असल्याचं स्थानिकांना माहीत होतं, असं त्यावेळच्या बातम्यांत म्हटलं होतं.

या घटनेत कारचं स्थान चुकलं नव्हतं. रस्ताही नकाशावर खरोखर होता. नकाशाला माहीत नव्हतं ते पाणी.

इंदापूर तालुक्यात ही शक्यता दूरची नाही. भिगवण आणि कुंभारगावला फ्लेमिंगो पाहायला जाणारे बाईकर्स उजनीच्या बॅकवॉटरलगत फिरतात. भीमेवरच्या या धरणात जुनी गावं आणि त्यांचे रस्ते बुडाले. पळसदेवचं जुनं मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघडं पडतं आणि पाणी वाढलं की पुन्हा बुडतं. पाण्याची कड अशी वर्षभर सरकत असते. नकाशावर मात्र ती एकाच जागी असते.

रोजच्या प्रवासातही असं बरंच काही असतं. आषाढी वारीच्या दिवसांत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरेवरून आणि तुकाराम महाराजांची बारामती-इंदापूरवरून जाते, तेव्हा वाहतूक वळवलेली असते. गाळप हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली वळणावर उभी असू शकते. यातलं काहीही हँडहेल्ड यंत्राच्या स्क्रीनवर दिसत नाही.

म्हणून अनुभवी बाईकर्स दोन साधे नियम पाळतात. अंधारात अनोळखी शॉर्टकट घ्यायचा नाही. आणि शेवटच्या गावात टपरीवर चहा घेताना विचारायचं, 'पुढचा रस्ता चालू आहे का?'

हे किती अचूक असतं? बांधाच्या वादात चालेल का?

२ मे २०००पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे आणि स्थान १०० मीटरपर्यंत चुकू शकत असे. ते बंद झाल्यावर आज मोकळ्या आभाळाखाली हँडहेल्ड जीपीएस साधारण ३ ते ५ मीटरच्या आत स्थान दाखवतं. घाटात कड्यावर आपटून येणाऱ्या संदेशांमुळे किंवा दाट झाडीखाली ही चूक वाढते.

वाट शोधायला एवढी अचूकता भरपूर आहे. जमीन मोजायला मुळीच नाही. भूमी अभिलेख विभाग मोजणीसाठी वापरतो ते 'रोव्हर' हे वेगळं यंत्र आहे. ते जमिनीवरच्या पक्क्या केंद्रांकडून दुरुस्ती घेऊन काही सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजतं. चार मीटर चुकणाऱ्या यंत्राच्या भरवशावर शेजाऱ्याशी बांधावरून भांडण काढू नये.

कायदा काय सांगतो?

साधा जीपीएस रिसीव्हर फक्त ऐकणारा असल्यामुळे तो बाळगायला किंवा बाईकवर लावायला वेगळा परवाना लागत नाही. मात्र सॅटेलाइट फोन किंवा गार्मिन इनरीचसारखी उपग्रहावरून मेसेज पाठवणारी उपकरणं परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाहीत. अशा उपकरणांमुळे गोव्याच्या विमानतळांवर परदेशी पर्यटकांवर कारवाई झाल्याच्या बातम्या २०२४-२५ दरम्यान आल्या होत्या. परदेशातले नातेवाईक 'जीपीएस आणतो' म्हणाले, तर मॉडेल नीट विचारून घ्यावं. दोन्ही प्रकारची यंत्रं दिसायला बरीच सारखी असतात.

गाडी चालवतानाचा नियमही लक्षात ठेवायला हवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये १ ऑक्टोबर २०२०पासून लागू झालेल्या बदलानुसार, गाडी चालवताना हातातलं संपर्काचं उपकरण फक्त रस्ता पाहण्यासाठी आणि लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीनंच वापरता येतं. यंत्र कोणतंही असो, ते हँडलवर पक्कं बसवावं, दोरीनं बांधावं आणि बटणं दाबायची असतील तर बाईक कडेला घ्यावी.

जुनं यंत्र घेताना काय पाहायचं?

तारीख बरोबर दाखवतं का, हे आधी पाहा. जीपीएसमधला आठवड्यांचा आकडा १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. एप्रिल २०१९मध्ये असं झालं तेव्हा अद्ययावत न केलेली काही जुनी यंत्रं चुकीची तारीख दाखवू लागली. त्यानंतर सेलच्या खोबणीतला गंज, रबरी झाकणं, यूएसबीची पिन आणि मेमरी कार्डची जागा तपासा. खोबणीतले सेल ढिले असतील तर खड्ड्यात हादरा बसताच यंत्र बंद पडतं आणि तेवढा ट्रॅक तुटतो.

अडचणीच्या वेळी याचा उपयोग कसा होतो?

अपघात झाला, तर मदतीसाठी पहिला प्रश्न येतो तो 'तुम्ही कुठे आहात?' कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्याला ना नाव असतं, ना किलोमीटरचा दगड. अशा वेळी यंत्रावरचे आकडे हाच पत्ता.

आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. तुमच्या सिमची रेंज नसली, पण तिथे दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असलं तर ११२ लागू शकतो. आधी जिल्हा, तालुका आणि जवळचं गाव सांगा. मग अक्षांश, मग रेखांश, एकेक आकडा सुटा वाचा आणि समोरच्याला परत वाचायला सांगा. दशांश चिन्हानंतर किमान चार आकडे सांगितले तर जागा साधारण १० मीटरच्या आत कळते.

यंत्र स्वतः कोणाला काही कळवत नाही. म्हणून निघण्यापूर्वी घरी एका व्यक्तीला रूट, सोबत असणाऱ्यांचे नंबर आणि परतायची वेळ सांगून ठेवणं गरजेचं आहे.

थोडक्यात, निघण्यापूर्वी काय तपासायचं?

- यंत्रात नवे सेल आणि खिशात दोन जास्तीचे.
- डेटम, एकक आणि अक्षांश-रेखांशाची पद्धत, ग्रुपमध्ये सगळ्यांची एकच.
- त्या भागाचा नकाशा आणि रूट आधीच भरलेला.
- घराचा आणि मुक्कामाचा वेपॉइंट.
- ट्रॅक नोंदणी चालू.
- मुख्य वळणांची कागदावर लिहिलेली यादी.
- घरी दिलेली रूटची माहिती आणि परतायची वेळ.

आणि रस्त्यात स्क्रीन 'सरळ जा' म्हणत असेल, पण समोर पाणी, बंद फाटक किंवा नुसता अंधार असेल, तर बाईक थांबवावी. ट्रॅक चालू असेल तर आलेली वाट यंत्रात आहेच, त्याच वाटेनं मागे फिरता येतं.